लोटलीतली दोन घरं

मडगावपासून जवळच लोटली नावाचं टुमदार गाव आहे. तिथं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घरं पाहायला मिळतात. एक आराउजो आल्वारिस कुटुंबाचं, अठराव्या शतकातलं खरंखुरं घर. दुसरं त्याच्या समोरच्या 'अँसेस्ट्रल गोवा' या खुल्या संग्रहालयातलं 'डोना मारियाचं घर'. हे दुसरं घर म्हणजे जुन्या गोव्यातल्या जमीनदाराच्या घराची प्रतिकृती.

याच कुटुंबातले कलावंत माएंद्र आल्वारिस यांनी १९९५ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी इथल्याच जांभ्या कातळात संत मीराबाईचं १४ मीटर लांब शिल्प ३० दिवसांत कोरलं होतं. संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचं गोव्यातलं खेडं आहे. मच्छीमाराची झोपडी, कुंभाराचं चाक, बाजार, दारूची भट्टी, त्यांत वावरणारी माणसं पुतळ्यांच्या रूपात, आणि या सगळ्यांच्या सोबतीला डोना मारियाचं घर.

गोव्यातल्या अशा घराला 'पोर्तुगीज घर' म्हटलं की ते कुणा पोर्तुगीजानं बांधलं असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर जिंकलं, १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश घेतले आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राज्य केलं. पण खेड्यापाड्यांतली ही मोठी घरं बहुतेक इथल्याच धर्मांतरित कुटुंबांनी बांधली. राहणी युरोपची, दगड आणि हात मात्र इथले. चांदर गावातलं ब्रागांझा घराण्याचं घर नाचाच्या भव्य दिवाणखान्यासाठी प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणारे पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा याच घराण्यातले.

घराची ओळख पटते ती बाल्कांववरून. पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायचे कट्टे, वर छप्पर. मराठवाड्यातल्या माणसाला इथं आपल्या वाड्याची ओसरी आठवेल. फरक असा, की वाडा रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे पाहतो, तर बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून बसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी तिथूनच बोलणं होतं.

खिडकीपाशी मात्र जरा थांबायला हवं. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा गोव्यातल्या सुतारांनी तिच्या जागी समुद्रातला शिंपला वापरला. हा शिंपला तळहाताएवढा, चपटा आणि अभ्रकासारखा पातळ असतो. तो चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवायचा. उन्हाची तिरीप त्यातून दुधाळ होऊन आत येते, डोळ्यांना टोचत नाही. बाहेरून आतलं दिसत नाही आणि पावसाची झडही अडते.

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. त्यावर गिलावा हवाच, आणि पावसाळा सरला की रंगही. शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता असं सांगतात, म्हणून घरं निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांनी नटली. छपरावर आधी नळीची कौलं होती. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर तिथली चपटी कौलं आली.

अशी घरं जपणं इतकं अवघड का झालं? एक कारण कायद्यात आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनं मुलगा-मुलगी दोघांनाही वारसाहक्क दिला. ही तरतूद न्यायाची होती, पण पिढ्या वाढल्या तसे एकेका घराचे वारस वाढत गेले, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये. एक कौल बदलायचं तरी सगळ्यांचं एकमत कसं व्हायचं? दुसरं कारण जमिनीचं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्यानं घरातून हुसकण्यापासून संरक्षण मिळालं. ज्यांच्या कष्टांवर मोठी घरं चालत होती, त्यांना हक्काचं छप्पर लाभलं आणि मोठ्या घरांचा जुना आधार सुटला.

डोना मारियाचं घर कुंभार आणि मच्छीमाराच्या शेजारी उभं आहे, यातच आल्वारिस यांच्या कामाचं मोठेपण आहे. एकट्या घराची नक्कल केली असती तर नुसता थाट दिसला असता. इथं त्या थाटाचं धान्य, मासळी आणि मडकी कुठून येत होती तेही दिसतं.

जालना जिल्ह्यातल्या वाचकानं हे सगळं आपल्या मातीजवळ नेऊन पाहावं. मराठवाड्यात कितीतरी गढ्यांची पांढरी माती लोकांनी उकरून शेतात टाकली. वाड्यांची कोरीव दारं भंगारात आणि जुन्या बाजारात गेली. जुनी ओसरी, बळद, देवळी आणि सोबत बलुतेदारांची घरं अशी मांडणी एखाद्या गावात झाली, तर पुढच्या पोरांना हे शब्द हातानं चाचपता येतील.

लोटलीत तर तुलनेची सोयही हाताशी आहे. आधी प्रतिकृती पाहावी, मग रस्ता ओलांडून आल्वारिसांच्या घरात शिरावं. याच गावात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचंही घर आहे. श्याम बेनेगल यांनी १९८५ चा 'त्रिकाल' हा चित्रपट त्या घरात चित्रित केला. पडद्यावरच्या त्या खोल्या, ते जिने खरे आहेत, आणि लोटलीत अजून उभे आहेत.