वेल्सच्या सीमा: कान्त्रेव मोठा, पण टिकला कुमुड

मध्ययुगीन वेल्सच्या जमीन-विभागणीत सगळा मान कान्त्रेवला मिळतो, म्हणजे शंभर गावांच्या मुलखाला. माझ्या मते खरा कणा त्याच्या पोटातला कुमुड होता. न्यायसभा भरे ती कुमुडची आणि राजाचा वाडाही कुमुडागणिक असे. जिथे लोक वर्षानुवर्षे खटले चालवतात आणि देणी भरतात, तिथली हद्द कागदावाचूनही पक्की होते. यावर आक्षेप असा, की कायद्याच्या पोथ्यांमधला हिशेब फारच रेखीव आहे: चार त्रेवांचा, म्हणजे गावांचा, एक माएनॉल, बारा माएनॉल आणि वर राजाचे दोन त्रेव मिळून पन्नास त्रेवांचा कुमुड. इतका नेमका मुलूख जमिनीवर सापडत नाही, हे खरेच. पण खोटा ठरतो तो आकडा, हद्द नव्हे.

पुरावा अँगलसी बेटावर आहे. तिथले तीन कान्त्रेव मागे पडले, पण मेनाई, तुर्केलिन यांसारखे सहाही कुमुड ट्यूडर काळात इंग्रजी पद्धतीचे ‘हंड्रेड’ म्हणून चालू राहिले. कोणी म्हणेल, या हद्दी निसर्गानेच आखल्या, त्यात नवल काय? मग क्रेइदिन पाहा. हा कुमुड कॉन्वी नदीच्या पूर्वेला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1284 मध्ये काउंट्या आखल्या तेव्हा तो पश्चिमेकडच्या कार्नार्वनशरला जोडला गेला. नदी ओलांडून, पण अख्खाच. 1974 पर्यंत तो त्याच काउंटीत राहिला.