भांगेचे तेल आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

चाकणच्या एका कारखान्यात वीस वर्षे पाळ्या केलेले आमचे एक चिंचवडचे स्नेही काविळीचे निमित्त होऊन तपासणीस गेले आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान घेऊन परतले. जठराच्या मागे दडलेला हा अवयव. त्याचा रोग बहुधा उशिराच कळतो. केमोथेरपी दोन दिवसांवर आली असता मुलाच्या मोबाईलवर निरोप आला : भांगेच्या तेलाने हा रोग बरा होतो, केमोची गरज नाही. नित्य सामायिक करणाऱ्या मातोश्रींना भांग हा शब्दच सोसवेना. मुलाला तेवढाच आधार वाटू लागला.

निरोपामागे खरे संशोधन आहे. लंडनचे क्वीन मेरी विद्यापीठ व ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी २०१८ साली ते ‘ऑन्कोजीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेला कॅनाबिडिऑल हा घटक नशा आणीत नाही. नशा आणणारा टीएचसी निराळा. (मातोश्रींचे अर्धे समाधान येथे झाले.) कॅनाबिडिऑल जीपीआर-५५ नावाच्या प्रथिनाचे कार्य रोखते व कर्कपेशींची वाढ मंदावते.

आकडे मात्र नीट वाचावयास हवेत. औषधाविना ठेवलेले उंदीर सुमारे २० दिवस जगले. केवळ कॅनाबिडिऑल दिलेले २५. जेमसायटाबिन हे केमोथेरपीचे प्रचलित औषध दिलेले २८. आणि दोन्ही दिलेले जवळजवळ ५३. लाभ झाला तो जोडीमुळे. निरोप्याने नेमकी केमोथेरपीच गाळली होती! शिवाय ते उंदीर होते. मुक्या जीवांच्या प्राणांची किंमत देऊन मिळालेले हे ज्ञान निदान अर्धवट तरी वाचू नये.

निसर्गातून औषध मिळते, हे पिंपरीकरांना सांगावयास नको. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने शोधलेले बुरशीनाशक हॅमायसिन इथल्याच मातीतील जीवाणूपासून निघाले. त्याचे नावही ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पण म्हणून कोणी माती चाटली नाही. घटक वेगळा काढणे, शुद्ध करणे, मात्रा ठरविणे, यातच वर्षे जातात.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस निषिद्ध आहेत. शेंड्यांवाचूनची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषधे मिळतात. तथापि कॅनाबिडिऑल यकृतातील विकरांच्या कामात अडथळा आणते आणि वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम त्यामुळे वाढू शकतो. स्नेह्यांना नेमके तेच औषध चालू होते.

मुलाने मागविलेली बाटली न उघडता डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती टेबलाच्या कडेला सरकवली आणि केमोथेरपी ठरल्या दिवशीच सुरू केली.