प्रवाळ मत्स्यालयातील अनाहूत जीव

प्रवाळ मत्स्यालयातील अनाहूत जीव म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मालकाने हेतुपुरस्सर न आणलेले, परंतु जिवंत खडक, प्रवाळ, वाळू किंवा शैवाल यांच्यासोबत नकळत आलेले सजीव होत. मत्स्यपालकांमध्ये त्यांना 'हिचहायकर' म्हणतात. त्यांतील बहुसंख्य जीव निरुपद्रवी अथवा उपयुक्त असतात. काही मात्र प्रवाळ व मासे यांना आणि क्वचित मनुष्यासही घातक ठरतात. त्यामुळे जीव काढून टाकण्यापूर्वी त्याची ओळख पटवणे आवश्यक असते.

उगम

जिवंत खडक हा प्रत्यक्षात सजीव नसतो. मृत प्रवाळांच्या सच्छिद्र चुनखडी सांगाड्यांवर व त्यांच्या पोकळ्यांत जीवाणू, शैवाले, स्पंज, कृमी आणि कवचधारी प्राणी वस्ती करतात, म्हणून त्यास हे नाव मिळाले. हे जीवाणू माशांच्या उत्सर्जनातील विषारी अमोनियाचे रूपांतर कमी घातक नायट्रेटमध्ये करतात. याच पोकळ्यांतून अंडी, पिल्ले आणि प्रौढ प्राणीही मत्स्यालयात येतात व अनेकदा कित्येक महिन्यांनंतर प्रथम दृष्टीस पडतात.

ओळखण्याची पद्धत

बहुतेक अनाहूत जीव निशाचर असतात. दिवे मालवल्यानंतर एक-दोन तासांनी मंद लाल प्रकाशात निरीक्षण केल्यास ते सहसा फारसे विचलित होत नाहीत. प्रथम शरीररचना पाहून प्राण्याचा गट ठरवतात.

* सांधेयुक्त पाय व कठीण कवच असल्यास तो कवचधारी (खेकडा, कोळंबी इ.) असतो.
* खंडयुक्त लांब शरीर व दोन्ही कडांना राठ केस असल्यास तो वलयी कृमी असतो.
* खडकास चिकटलेले मऊ शरीर व मुखाभोवती स्पर्शकांचे कडे असल्यास ते समुद्रपुष्प किंवा त्याचा नातलग असतो.
* केंद्रापासून निघणारे पाच किंवा अधिक बाहू असल्यास तो तारामासा अथवा भंगुरतारा असतो.

चुनखडीच्या नळीत राहणाऱ्या जीवांबाबत गल्लत होते. नळीच्या तोंडाशी पिसांसारखा तुरा दिसल्यास तो निरुपद्रवी नळीकृमी असतो. तुरा नसून चिकट धाग्यांचे जाळे पसरलेले आढळल्यास ती व्हर्मेटिड गोगलगाय असते. तिच्या जाळ्यामुळे शेजारच्या प्रवाळांना त्रास होतो.

जीव कोठे सापडला यावरून निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगावी लागते. मृत माशावर आढळलेला राठकेशी कृमी हा बहुधा माशाचा मारेकरी नसून मृतभक्षक असतो.

उपयुक्त जीव

कोपेपॉड व ॲम्फिपॉड हे सूक्ष्म कवचधारी माशांचे अन्न ठरतात. लहान भंगुरतारे आणि बहुतेक राठकेशी कृमी उरलेले अन्न व कुजके पदार्थ खाऊन स्वच्छता राखतात. पाठीवर आठ पट्टिका असलेले कायटन आणि स्टोमाटेला गोगलगायी शैवाल खातात. पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे ट्रॅपेझिया खेकडे भक्षक तारामाशांपासून आपल्या यजमान प्रवाळाचे रक्षण करतात. त्यांना काढणे प्रवाळाच्या हिताचे नसते.

उपद्रवी जीव

एप्टेशिया हे तपकिरी, अर्धपारदर्शक व लांब निमुळत्या स्पर्शकांचे समुद्रपुष्प झपाट्याने पसरते व प्रवाळांना डंख करते. ते चिरडल्यास किंवा खरवडल्यास राहिलेल्या तुकड्यांपासून नवी समुद्रपुष्पे तयार होतात. त्याच्या नियंत्रणासाठी पेपरमिंट कोळंबी किंवा केवळ एप्टेशियावर जगणारी बर्गिया ही समुद्री गोगलगाय वापरतात.

मँटिस कोळंबी आपल्या दुमडलेल्या अग्रपादांनी शिंपले फोडते किंवा मासे भोसकते. रात्री मत्स्यालयातून टकटक आवाज आल्यास तिची शंका घेतली जाते. परंतु तसाच आवाज पिस्तूल कोळंबीही करते व ती बहुधा निरुपद्रवी असते. एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असल्यास ती पिस्तूल कोळंबी, तर देठावर स्वतंत्रपणे फिरणारे डोळे असल्यास ती मँटिस कोळंबी होय.

युनिस ॲफ्रोडिटोइस हा कृमी वाळूत किंवा खडकात दडून भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्या डोक्यावर पाच शृंगिका असतात व त्याची लांबी सुमारे तीन मीटरपर्यंत वाढू शकते. २००९ मध्ये इंग्लंडमधील न्यूक्वे येथील ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ तुटलेले व मासे जखमी आढळू लागले. अखेर टाकीतील खडक एकेक करून काढल्यावर सुमारे चार फूट लांबीचा असा कृमी सापडला.

मनुष्यास धोका

पॅलिथोआ वंशातील काही प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवते. ते प्रथम हवाईतील एका जातीपासून वेगळे करण्यात आले व १९७१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे जीव मारण्यासाठी खडक उकळल्याने किंवा त्यावर गरम पाणी ओतल्याने निर्माण झालेल्या वाफेतून घरातील व्यक्तींना श्वसनाचा गंभीर त्रास झाल्याच्या घटनांची वैद्यकीय नोंद आहे. म्हणून जिवंत खडक कधीही उकळू नये. तो हाताळताना हातमोजे व डोळ्यांस चष्मा वापरावा. अग्निकृमींचे विषारी केसही त्वचेत रुतून दाह निर्माण करतात.

प्रतिबंध व विल्हेवाट

नवे प्रवाळ व खडक मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरणात ठेवतात. औषधी द्रावणात बुडवल्याने अनेक प्रौढ परजीवी गळून पडतात. परंतु ॲक्रोपोरा प्रवाळ खाणाऱ्या पृथुकृमींची अंडी त्यातून वाचतात, त्यामुळे ही प्रक्रिया ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते.

काढलेले जीव अथवा टाकीतील पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडू नये. मत्स्यालयांत वाढवले जाणारे कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळले व पुढे भूमध्य समुद्रातील मोठ्या क्षेत्रात पसरले.

भारतातील कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळभित्ती रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे मालवणसह भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळ मत्स्यालयासाठी तोडून आणणे हा गुन्हा ठरतो.