मेथीची पूड आणि शुगरची गोळी

जालन्याकडे वरणाच्या फोडणीत पडणारे मेथीदाणे, भाजीतली हळद मधुमेह असणाऱ्याने निर्धास्त खावी. जपायचं ते चमचे भरभरून पूड घेताना. मेथीतला चिकट तंतू साखर रक्तात सावकाश उतरू देतो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असेल, तर रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. एरवी टाळायचा आपल्या मोसंबीचा रसही अशा वेळी चालतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. पूड सुरू केली म्हणून गोळी मात्र स्वतःहून कधीच बंद करू नये. दालचिनीचंही तसंच: बाजारातली जाड सालीची बहुधा कॅसिया असते, तिच्यातलं कूमारिन रोज जास्त गेलं तर यकृताला बाधतं.