नैराश्यावरील नवी औषधे : आशा कितपत धरावी?

घरातील वृद्धांची उदासी महिनोन्महिने हटत नाही, तेव्हा मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ मनात आशा जागवतो : परदेशात म्हणे एका अळंबीने नैराश्य पळते. खुलताबादसारख्या गावातही आता हा विषय पोहोचला आहे. वाचकहो, त्यातील तथ्य नीट जाणून घ्यावे.

त्या अळंबीतील भ्रमजनक द्रव्याचे नाव सायलोसायबिन. 2016 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कर्करोगाने खचलेल्या 51 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतरही बहुतेकांची उदासी आणि भीती कमी राहिली होती. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, अधिकृत परवानगी घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली. तिथेही ते घरी नेऊन घेण्याचे औषध नव्हे. मात्रा दिल्यावर प्रशिक्षित माणसे कित्येक तास रुग्णाजवळ बसतात. या प्रयोगांत वृद्ध फार थोडे होते. स्मृतिभ्रंश किंवा कंपवातावर तर हा मान्यताप्राप्त उपचार नाही.

भारतात सायलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. ते कोणी घरपोच देऊ करत असेल, तर निक्षून नकार द्यावा. माळरानावरचा धोतरा हाही त्याला पर्याय नव्हे. त्याने वृद्धांची शुद्ध हरपते, लघवी अडते, प्राणावरही बेतते.

आपल्याकडे कायदेशीर मार्गाने मिळते ते केटामाइन. भुलीचे हे जुने औषध काही मनोविकारतज्ज्ञ हट्टी नैराश्यात अल्प मात्रेत देतात. गुण काही तासांत दिसू शकतो. परंतु बहुधा काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब वाढत असल्याने ते रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यावे.

तत्पूर्वी तीन गोष्टी पाहा. औषध योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे नियमित घेतले गेले का? थायरॉइड व बी-12 तपासले का? इतर गोळ्यांमुळे तर उदासी येत नाही ना? तीव्र नैराश्यात भूल देऊन केलेला विद्युत उपचार वृद्धांनाही गुणकारी ठरतो. 'शॉक' या शब्दाला भिऊन तो नाकारू नये.

जेवण सुटले, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे सुरू झाले, तर वाट पाहू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे; शहरातील घाटी रुग्णालयात मनोविकार विभागही आहे. जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.