न दुखणाऱ्या जखमेकडे दुर्लक्ष नको

भातकापणीच्या दिवसांत हाताला विळा लागला, तर शेतकरी चिंधी बांधून पुन्हा कामाला लागतो. परंतु विळा लागला आणि हात दुखलाच नाही, तर मात्र थांबून विचार करावयास हवा. न दुखणारी जखम हे सुदैव नव्हे. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते.

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर लागते. त्याच रस्त्याने पुढे नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरुग्णांची सेवा या परिसराने जवळून पाहिली आहे. तरीही ‘या रोगाने बोटे झडतात’ हा समज अद्याप गेलेला नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. या रोगाचे जंतू स्पर्श व हालचाल चालविणाऱ्या मज्जातंतूंना इजा करतात. कोपराच्या आतील बाजूचा मज्जातंतू बिघडला की करंगळी व अनामिका वाकतात. मनगटातील बिघडला की अंगठ्याची चिमूट सुटते. दंडातून येणारा बिघडला की मनगट लोंबू लागते. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही. फोड येतो, चिघळतो, हाडापर्यंत पोहोचतो आणि बोट आखूड होते. म्हणजे बोटे जातात ती दुर्लक्षित जखमांमुळे.

यावर पहिला उपाय औषधाचा. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो ६ किंवा १२ महिने घ्यावयाचा असतो. हाताची शक्ती नुकतीच कमी झाली असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. पहिल्या ६ महिन्यांच्या आत योग्य गोळ्या व आधारपट्टी मिळाल्यास गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. हात रोज पाण्यात भिजवून तेल लावावे आणि दुसऱ्या हाताने वाकलेली बोटे हलकेच सरळ करावीत. त्यामुळे सांधे आखडत नाहीत.

जुने वाकडेपण औषधाने जात नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया आहे. १९४६ साली वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातांवरील शस्त्रक्रियेचा पाया घातला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी आपल्या राज्यात हे कार्य पुढे नेले. शस्त्रक्रियेत निरोगी स्नायूची कंडरा, म्हणजे हाडाला ओढणारी दोरी, वळवून निकामी स्नायूच्या कामाला लावतात. त्यापूर्वी जखमा भरलेल्या व सांधे सैल असावे लागतात. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर आणि मग व्यायाम करावा लागतो. व्यायाम टाळणाऱ्यास शस्त्रक्रियेचा पुरा लाभ होत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रियेने मूठ व चिमूट परत मिळते, परंतु गेलेला स्पर्श त्याने परत येत नाही. म्हणून कातडीचे काम डोळ्यांनी करावे. विळ्याच्या व कुदळीच्या दांड्यास जाड कापड गुंडाळावे. चुलीवरचे भांडे सांडशीने किंवा जाड फडक्याने धरावे. रोज सायंकाळी हात धुऊन फोड, भेग, काटा आहे काय ते पाहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संशयिताकडून तीन हालचाली करवून घ्याव्यात: करंगळी बाजूला नेणे, तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलणे, मूठ वळून मनगट मागे वाकविणे. हलक्या दाबाने ती हालचाल रोखता आली, अथवा कातडीवर फिकट वा तांबूस बधिर चट्टा दिसला, तर त्यास आरोग्य केंद्रात न्यावे. हाताला मुंग्या मधुमेहाने किंवा मनगटात मज्जातंतू दाबला गेल्यानेही येतात. निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे.

१९७० च्या दशकात डॉ. अंतिया यांच्या पुढाकाराने आताच्या रायगड जिल्ह्यातील मांडवा परिसरात गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्यात आले. शेजारणीच्या हातावरचा चट्टा शेजारीण प्रथम पाहते, हे त्यामागील साधे सत्य होय. चट्टा लपविण्यात वेळ गेला तर हात जातो. तो वेळीच दाखविला, तर हात शेतात राबता राहतो.