तपासणी आणि नोंद यांमधली फट

नेरळ, कशेळे, चौक, वावोशी या पट्ट्यात जमीन घेणारा माणूस काय काय करतो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. सातबारा काढायचा, जुने फेरफार काढायचे, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा, पेपरात जाहीर नोटीस द्यायची आणि मग दुय्यम निबंधकापुढे दस्त करायचा. एवढं करूनही एकच जमीन दोघांना विकल्याचे दावे कोर्टात येतच राहतात. मग चर्चा होते ती विकणाऱ्याच्या बदमाशीची, नाहीतर घेणाऱ्याच्या भाबडेपणाची. माझं म्हणणं असं, की बदमाशीला जागा मिळते ती कामाच्या क्रमामुळे. आधी तपासायचं, नंतर करायचं, आणि मधल्या वेळात दुसऱ्या कोणी काही केलेलं नाही असं गृहीत धरायचं. याच गृहीतकाशी संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमा पन्नासहून अधिक वर्षं झगडत आल्या आहेत, तेही फाइल उघडणं आणि नवी फाइल तयार करणं या अगदी साध्या कामात. त्यांनी काढलेला तोडगा कर्जत-खालापूरच्या जमिनीच्या कागदांशेजारी ठेवून पाहिला, तर आपल्या कायद्यात काय नीट आहे आणि फट नेमकी कुठे राहिली आहे ते स्पष्ट दिसतं.

प्रोग्रॅम डिस्कला स्वतः हात लावत नाही. तो कर्नेलला सिस्टिम कॉल करून सांगतो, एवढं वाचकांना माहीत असेल. कमी लक्षात येतं ते पुढचं. ‘ओपन’ हा कॉल आला की कर्नेल दिलेल्या मार्गातली एकेक डिरेक्टरी ओलांडत जातं, प्रत्येक दारात परवानगी पाहतं, शेवटी फाइलची परवानगी पाहतं आणि प्रोग्रॅमच्या हातात एक लहानसा आकडा ठेवतं. युनिक्सच्या घराण्यात ०, १ आणि २ हे आकडे आधीच वाटलेले असतात, म्हणून पहिल्या फाइलला बहुधा ३ मिळतो. यापुढचं सगळं वाचन-लेखन त्या आकड्यावर चालतं. मग कोणी फाइलच्या सगळ्या परवानग्या काढून घेतल्या, अगदी डिरेक्टरीतून तिचं नाव पुसून टाकलं, तरी आकडा हातात असलेल्याचं काम बिनदिक्कत सुरू राहतं. हक्काचा निवाडा एकदाच, उघडण्याच्या क्षणी होतो. म्हणूनच त्या क्षणात नेमकं काय काय एकत्र घडतं, याला एवढं महत्त्व आहे.

युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. तिच्यात ‘ओपन’ आणि ‘क्रिएट’ हे दोन वेगळे कॉल आहेत: असलेली फाइल उघडायची तर पहिला, नवी करायची तर दुसरा. (क्रिएटच्या स्पेलिंगातलं शेवटचं अक्षर का गळलं, ती गोष्ट इतक्यांनी सांगितली आहे की इथे सोडून देऊ.) क्रिएटचा स्वभाव मोठा चमत्कारिक होता. त्या नावाची फाइल नसेल तर तो नवी करी. असेल तर तीच रिकामी करून हातात देई. आतला मजकूर गेला तर गेला. तरीही १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत क्रिएटच्या पानावर एक छोटा परिच्छेद आहे, ज्यावर फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली त्याच्यातच आहे. नवी फाइल करताना तिच्या परवानग्या काहीही देता येतात, लिहिण्याची परवानगी द्यायलाच हवी असं नाही, असं तिथे म्हटलं आहे. मग खुबी सांगितली आहे: ठरलेल्या नावाची तात्पुरती फाइल वापरणाऱ्या प्रोग्रॅमने ती लिहिण्यास बंदी असलेल्या परवानगीने तयार करावी. ज्याने तयार केली त्याला लिहिता येतं, कारण आकडा आधीच त्याच्या हातात आला आहे. त्याच प्रोग्रॅमची दुसरी प्रत मागून आली आणि तेच नाव मागू लागली, तर फाइल आहे आणि लिहायला बंदी आहे म्हणून तिला नकार मिळतो. नाव सध्या अडलेलं आहे, हे तिला त्या नकारातून कळतं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार. पण त्याची बुद्धिमत्ता लक्षात घ्यायला हवी. जागा रिकामी आहे का, असा प्रश्न इथे कोणी विचारतच नाही. सरळ जागा धरायला जायचं. मिळाली तर मिळाली, नाहीतर नकार. विचारणं आणि करणं कर्नेलच्या आत एकाच कृतीत उरकतं, दुसऱ्याला मधे शिरायला वावच राहत नाही. खोट एवढीच, की सुपरयूजरला परवानग्या लागू होत नाहीत. त्याच्या नावाने चालणारे दोन प्रोग्रॅम समोरासमोर आले, तर दुसरा पहिल्याची फाइल निर्धास्तपणे रिकामी करून टाकतो. आणि यंत्रावरची महत्त्वाची कामं नेमकी त्याच्याच नावाने चालत. परवानगीच्या आडून साधलेली ही युक्ती पुढे ऐंशीच्या दशकात उघडपणे मांडली गेली. ओपनलाच तिसरा घटक मिळाला, आणि ‘नसेल तर कर’ याच्याबरोबर ‘असेल तर नकार दे’ अशी स्वतंत्र खूण आली. १९८८च्या पॉसिक्स मानकाने ती पक्की केली. या खुणेपुढे सुपरयूजरचीही मात्रा चालत नाही.

डॉसची कथा याहून बोलकी, कारण तिथे हाच धडा वेगळ्या वाटेने शिकावा लागला. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फाइल तयार करण्याचा जो कॉल आला, तो युनिक्सच्या क्रिएटसारखाच असलेली फाइल पुसणारा होता. एक यंत्र, एक माणूस, एका वेळी एक प्रोग्रॅम. भांडायला दुसरा कोणी नाहीच. मग १९८४मध्ये, नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याचे दिवस येऊ लागले तेव्हा, तिसऱ्या आवृत्तीत ‘नवीच कर, असेल तर नकार दे’ असा वेगळा कॉल द्यावा लागला. टर्बो सीमध्ये त्याच्यासाठी वेगळं फंक्शनही होतं. पण महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या पिढ्यांनी सी शिकली ती त्याच टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर, आणि बहुतेकांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हाताशी ठेवून. त्या पुस्तकात ओपन आणि त्याच्या खुणांचा परिचय आहे, हे त्याचं श्रेयच. अडचण यंत्राची होती. त्या पडद्यासमोर बसलेल्याला दुसरा प्रोग्रॅम शेजारी कधी भेटलाच नाही, आणि ‘आधी वाचायला उघडून बघ, नसेल तर तयार कर’ ही सवय हाडीमाशी खिळली. कर्जतच्या आणि रसायनीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आता लिनक्स सर्रास आहे; सवयीला मात्र यंत्राइतक्या लवकर बदलता येत नाही.

या सवयीची किंमत १९७४मध्येच मांडली गेली होती. आयबीएमच्या नियतकालिकात मॅकफी यांनी तपासणीची वेळ आणि वापराची वेळ यांतल्या अंतराला ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोषांचा एक स्वतंत्र प्रकार म्हटलं. बिशप आणि डिल्गर यांनी १९९६मध्ये अशा जागा प्रोग्रॅमांतून शोधून काढण्याच्या पद्धतीवर लिहिलं. नेहमीचं उदाहरण असं: सुपरयूजरच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आधी ‘अॅक्सेस’ हा कॉल करून विचारतो, या वापरकर्त्याला या फाइलवर हक्क आहे का. उत्तर येतं, आहे. प्रोग्रॅम ओपन करायला वळतो तेवढ्यात वापरकर्ता ते नाव काढून त्याच जागी पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक ठेवतो. तपासलं ते खरं होतं. उघडलं ते दुसरंच. तपासणी काटेकोर केली असती म्हणून फरक पडला नसता.

आता सर्च रिपोर्टकडे वळू. इथे आडवं येतं १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम ४७. नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर तो अंमलात यायचा होता त्या दिवसापासून, म्हणजे सामान्यतः सह्या झाल्या त्या दिवसापासून लागू होतो. कलम २३ सह्यांनंतर नोंदणीला चार महिने देतं; कलम २५ खाली दंड भरून आणखी चार. आणि १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४८ सांगतं, की एकाच मिळकतीवर वेगवेगळ्या वेळी हक्क दिले, तर नंतरचा हक्क आधीच्याच्या अधीन. ही कलमं एकत्र वाचा. जानेवारीत सह्या झालेला दस्त एप्रिलमध्ये नोंदवला गेला. फेब्रुवारीत दुसऱ्याने निबंधकाच्या नोंदी तपासल्या, जमीन स्वच्छ दिसली, त्याने त्याच दिवशी दस्त करून नोंदवलाही. तरी वरचढ ठरतो तो पहिला. हल्ली सह्या आणि नोंदणी बहुधा एकाच दिवशी होतात म्हणून हे कमी घडतं. पण कमी घडण्याचं कारण रिवाज आहे, कायदा नव्हे.

याउलट फेरफाराची व्यवस्था, जिला सगळे नावं ठेवतात, तीच रचनेने शहाणी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५०नुसार तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) खबर मिळताच फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घालतो, चावडीवर प्रत लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नोंद प्रमाणित होते ती नंतर, मंडळ अधिकाऱ्याकडून. कलम १५४नुसार नोंदणीकृत दस्ताची खबर निबंधकाने पाठवायची असते, आणि ई-फेरफारमुळे ती आता संगणकावरूनच येते. म्हणजे फेरफाराचा क्रमांक आधी घेतला जातो, वाद मागाहून. सध्याच्या सातबाऱ्यावर खाली ‘प्रलंबित फेरफार : नाही’ अशी एक ओळ असते. तिथे ‘नाही’च्या जागी क्रमांक दिसला, तर कोणी रांगेत आधीच उभं आहे हे लगेच कळतं.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा. काम एका झटक्यात उरकणं संगणकाला शोभतं. खालापूरच्या डोंगरातल्या ठाकर किंवा कातकरी वारसाला हरकत घ्यायला वेळ मिळालाच पाहिजे, आणि तो वेळ म्हणजे फटच. बरोबर आहे. फक्त ती फट तपासणी आणि नोंद यांच्यात नको. नोंद आणि प्रमाणीकरण यांच्यात हवी. चांगले प्रोग्रॅमही हेच करतात. नवा मजकूर आधी तात्पुरत्या नावाच्या, दुसऱ्या कोणाला न मिळणाऱ्या फाइलमध्ये लिहितात, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करतात, आणि मगच ‘रिनेम’ने जुन्या नावावर एका क्षणात बसवतात. दुसरा आक्षेप असा की फेरफाराने मालकी मिळत नाही. ती महसुली नोंद आहे. हेही खरं, पण कलम १५७ अशा नोंदीला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतं, आणि सिद्ध करण्याचा भार कोणावर पडतो यावर खेड्यातल्या माणसाची दहा-दहा वर्षं जातात.

तिसरा आक्षेप मात्र अवघड आहे. ‘असेल तर नकार दे’ हे फक्त नावाबद्दल बोलतं. लिनक्सला नाव म्हणजे बाइटांची ओळ, जास्तीत जास्त २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत आटपायचं. बरं, ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता मिळून लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. एकाच डिरेक्टरीत तिन्ही फाइली शेजारीशेजारी तयार होतील आणि कर्नेल एकदाही नकार देणार नाही, कारण त्याच्या लेखी ही तीन नावं आहेत. पहिली दोन युनिकोडच्या नियमाने एकरूप करता येतात; तिसरं तेवढ्यानेही जुळत नाही. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव एका गटात आडनावासह, दुसऱ्यात वडिलांच्या नावाने, तिसऱ्यात घरच्या नावाने चढलेलं असतं, तेव्हा नोंद करणारी व्यवस्था कितीही अभेद्य असली तरी तिला तो एकच माणूस आहे हे कळत नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. त्याचा इलाज ओपनच्या खुणांत नाही, तो गावात जाऊन माणसं ओळखण्यातच आहे. कलम २३च्या चार महिन्यांना मात्र ही सबब लागू पडत नाही. सह्या होताच निबंधकाच्या सूचीत त्या गटावर प्रलंबित दस्ताची ओळ पडावी, आणि ओळ नसलेल्या दस्ताला मागच्या तारखेचा लाभ मिळू नये, एवढा बदल तिथे पुरेल.